पथ्य कोणाचं, स्वयंपाक कोणाचा?

दवाखान्यातून आहाराचा जो छापील कागद मिळतो, त्यावर बहुतेक वेळा एक वाक्य असतं : 'घरच्यांनी रुग्णाच्या जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात.' हे 'घरचे' म्हणजे कोण, हे आपल्यापैकी कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या घरी जाताना मला हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. या आजारात गोळी लागू पडणार की नाही हेच काही वेळा ताटावर ठरतं. आणि ताट कोण वाढतं, कोण आधी जेवतं, कोण मागाहून, उरलंसुरलं कुणाच्या वाट्याला येतं, हे प्रश्न तर आपल्या चळवळीचे पहिल्यापासूनचे आहेत. तरीही या आजाराबद्दल आपल्या गटांमध्ये बोलणं होत नाही. बाळंतपण, गर्भनिरोधकं, अंगावरून जाणं यांवर आपण शिबिरं घेतली, पुस्तिका काढल्या. पाळी गेलेली बाई मात्र सरकारच्या नजरेतून निसटते तशी आपल्याही नजरेतून निसटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हा आकडा आपण भाषणांत नेहमी वापरतो. पण ही मोजणी १५ ते ४९ वयाच्या बायकांची आहे. पन्नासाव्या वाढदिवसाला बाईचं रक्त अचानक भरून येतं, असं तर कुणी म्हणत नसेल ना?

आधी आजाराबद्दल थोडं. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. मेंदूच्या एका भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, हात कापतो, तोल जातो, आवाज बारीक होतो. आजार बरा होत नाही, पण गोळ्यांनी वर्षानुवर्षं बऱ्यापैकी आटोक्यात राहतो. त्यातली मुख्य गोळी लेव्होडोपाची. साठ-पासष्टच्या पुढे हा आजार जास्त दिसतो, पण चाळिशी-पन्नाशीतही होतो. पुरुषांत तो बायकांपेक्षा साधारण दीडपट आढळतो, आणि म्हणूनच बाईच्या बाबतीत तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. भाकरी थापायला वेळ लागू लागला, भाजी चिरताना बोटं अडू लागली की घरात 'आता हिला कामाचा कंटाळा येतो' असं म्हटलं जातं. चेहऱ्याचे स्नायू ताठरून चेहरा कोरा दिसू लागतो, तर 'सुनेवर रुसली आहे' असं म्हणतात. पुरुषाचा हात सही करताना कापला की महिन्याभरात डॉक्टर गाठला जातो, बाईचा हात पोळपाटावर कापतो तेव्हा तो म्हातारपणाच्या खात्यात जमा होतो. बायका तज्ज्ञापर्यंत उशिरा पोचतात, असं परदेशातल्या अभ्यासांतही दिसलं आहे.

आता गोळी आणि जेवण यांचा संबंध. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात जाते आणि रक्तातून मेंदूत. या दोन्ही ठिकाणी तिला आत नेणारी जी वाट असते, तीच वाट प्रथिनं पचून तयार होणारी अमिनो आम्लंही वापरतात. डाळ, दूध, अंडं, मटण असं काही खाऊन लगेच गोळी घेतली, की त्या वाटेवर गर्दी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवल्यावर तास-दीड तासानं घ्यावी असं सांगतात. आपल्याकडे मात्र गोळी दुधाबरोबर घ्यायची सवय आहे. 'रिकाम्या पोटी गरम पडते' म्हणून पेलाभर दूध दिलं जातं, तेही मायेनं. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. मळमळत असेल तर सोबत केळं, मूठभर चुरमुरे किंवा एखादी खारी चालते. रक्तवाढीची लोहाची गोळीही तिच्याबरोबर घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं, कारण लोहामुळे लेव्होडोपा नीट शोषली जात नाही. रक्त कमी असलेल्या आपल्या बायकांना हे सांगणं फार गरजेचं आहे, आणि नेमकं हेच सांगितलं जात नाही. दोन्ही गोळ्या एकाच पुडीत बांधून दिलेल्या मी पाहिल्या आहेत.

इथवरचं शास्त्र सोपं आहे. ते घरात शिरलं की अवघड होतं.

नवरा आजारी असेल, तर बायको स्वतःच घड्याळ होते. सकाळी सहाची गोळी, साडेसहाला नाष्टा, दहाची गोळी, साडेदहाला... असं करत दिवसाचे चार-पाच फेरे. त्याला दुपारी हलकं आणि रात्री डाळ-उसळ, मुलांना डब्यात काही वेगळं, सासूला मऊ. म्हणजे एका चुलीवर तीन स्वयंपाक. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, पुरुषांचे ९७. त्यातही मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एक. या २९९ मिनिटांवर पथ्याचा स्वयंपाक चढतो, भरवणं चढतं, सांडलेलं पुसणं चढतं. आहाराच्या कागदावर कॅलरी लिहिलेल्या असतात, ही मिनिटं लिहिलेली नसतात.

आणि बाई स्वतःच आजारी असेल तर? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, काही हजार रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत असं दिसलं, की घरचं माणूस काळजी घ्यायला असण्याचं प्रमाण स्त्री-रुग्णांमध्ये पुरुष-रुग्णांपेक्षा कमी आहे. मला याचं नवल वाटलं नाही. वस्तीतल्या एक बाई आहेत, वय बावन्न, चार घरची धुणीभांडी करत होत्या. हात मंदावल्यावर आधी दोन घरं सुटली, मग चारही. आता त्या घरीच असतात, म्हणजे घरचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे आला, कारण 'तू तर घरीच आहेस'. सकाळची गोळी साडेसातला. नवरा आणि मुलगा आठला बाहेर पडतात, म्हणून डबे त्याच्या आत व्हायला हवेत. म्हणजे अंग सगळ्यात ताठ असतं त्या वेळी, गोळी चढण्याआधी, त्या चपात्या लाटतात. गोळी चढते तोवर काम संपलेलं असतं. त्या स्वतः जेवतात दोन वाजता, सगळं आवरल्यावर. तोवर दुपारची गोळी जेवणाच्या तोंडावर येऊन ठेपते. दवाखान्यात त्यांना 'वेळा सांभाळा' असं सांगितलं गेलं, आणि त्यांनी मान डोलावली. डोलावणार नाहीत तर काय करणार? स्वतःची जेवायची वेळ स्वतः ठरवायची, हे त्यांनी लग्नानंतर एकदाही केलेलं नाही.

पहाटेची पहिली गोळी उठायच्या आधी, अंथरुणातच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, एवढंच मी त्यांना सुचवलं. डॉक्टर हो म्हणाले. उशाशी पाण्याची बाटली आणि गोळी ठेवायची. पण खरा बदल झाला तो मुलानं स्वतःचा डबा भरायला सुरुवात केली तेव्हा. त्यासाठी तीन वेळा घरी जाऊन बसावं लागलं आणि शेजारच्या बायकांनी त्याला चेष्टेनं का होईना, पण टोचावं लागलं.

प्रथिनांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. आजार जुना झाला की काही रुग्णांमध्ये गोळीचा अंमल चढतो-उतरतो. अशांना दिवसा प्रथिनं कमी आणि रात्रीच्या जेवणात जास्त, असा बदल सांगतात. त्याचा काहींना चांगला उपयोग होतो. पण 'प्रथिनं पुढे-मागे करा' याचं तोंडातोंडी 'प्रथिनं बंद करा' होतं. 'डाळ वर्ज्य आहे म्हणे' असं सांगणाऱ्या किती तरी बायका मला भेटल्या. एकीची आमटी, दूध, अंडं सगळं बंद झालं होतं, राहिली होती भाकरी आणि चटणी. घरात कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाईच्या ताटातून काही कमी करायचं म्हटलं की कसं पटकन जमतं! वाढवायचं म्हटलं की मात्र ऐपत आडवी येते.

साधा हिशोब मांडू या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाई ४५ किलोची असेल तर सुमारे ३७ ग्रॅम. दिवसभरात तीन ज्वारीच्या भाकरी, पातळ आमटीची एक वाटी, थोडा भात आणि चहापुरतं दूध, एवढ्यात वीस-बावीस ग्रॅमच्या वर काही जात नाही. पथ्याचा हा सल्ला जिथे तयार झाला, तिथल्या ताटात दोन्ही वेळेला मांस, चीज, दूध असतं. त्यातून कमी करा म्हणणं समजू शकतं. आपल्या बाईच्या ताटात कमी करण्याजोगं आहे काय? तिला आधी पुरेसं मिळू द्या, मग वेळेचं बघू. रात्री घट्ट वरण, उसळ, एखादं अंडं, परवडेल तिथे सुकट किंवा मासे, आणि दिवसा भाकरी-भाजी, पोहे, भात, फळ असं करता येतं. तेही गोळीचा अंमल जेवणामुळे बिघडतो असं दिसत असेल तरच, आणि डॉक्टरांना विचारूनच. सुरुवातीच्या काळात बहुतेकींना याची गरजच नसते. फक्त गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवलं की पुरतं.

कारण या आजारात वजन घटतं. हात कापतात, अंग वळवळतं, त्यात शक्ती जाते. वास येईनासा होतो, मग जेवणाची चव जाते. चावायला, गिळायला वेळ लागतो आणि अन्न गार होतं. त्यातून कमी वजनाच्या बाईला तेवढीच गोळी जास्त चढते. गोळ्यांमुळे अंग आपोआप वळवळण्याचा त्रास बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. म्हणून दर महिन्याला वजन करावं आणि ते लिहून ठेवावं. अंगणवाडीत पोरांचं वजन होतं, तिथेच आजीचंही व्हायला काय हरकत आहे? एका अंगणवाडी ताईंनी हे आपण होऊन सुरू केलं आहे. कुणी विचारलं तर त्या सांगतात, 'काटा तोच आहे.'

बद्धकोष्ठाबद्दल बायका बोलत नाहीत. हात कापायला लागायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ते सुरू झालेलं असू शकतं. उपाय आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत : पालेभाजी, कोंड्यासकट कणीक, पेरू, पपई, भिजवलेले मनुके, आणि मुख्य म्हणजे पाणी. पण बाई पाणी पीत नाही. का पीत नाही, हे विचारल्याशिवाय तिला 'दिवसाला आठ पेले' सांगण्यात अर्थ नाही. संडास वस्तीच्या टोकाला आहे. रात्री उठलं तर तोल जाईल, पडेन, कुणाला तरी उठवावं लागेल, सुनेची झोप मोडेल. म्हणून संध्याकाळी पाच नंतर घोटही नाही. मग बद्धकोष्ठ वाढतं, रक्तदाब उतरतो, उभं राहिल्यावर अंधारी येते, आणि शेवटी ज्या पडण्याला ती भीत होती तेच होतं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झालेली असतातच. आहारतज्ज्ञ बाईंना संडासाबद्दल बोलायला वेळ नसतो आणि नगरपालिकेला आहाराशी देणंघेणं नसतं. आपल्याला दोन्ही एकत्र दिसतं, कारण आपण घरात जातो. पाणी सकाळी आणि दुपारी भागवून घेणं, रात्रीसाठी खाटेजवळ भांडं ठेवणं, हे उपाय फार थोर नाहीत, पण पाणी सोडून देण्यापेक्षा बरे.

उपासांचं काय करायचं? मी स्वतः उपास करत नाही, पण करणाऱ्या बाईला 'अंधश्रद्धा सोड' म्हणून मोकळं व्हावं, असंही मला वाटत नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र असं धरलं तर काही बायका महिन्यातले आठ-दहा दिवस साबुदाणा आणि चहावर असतात. साबुदाण्यात चोथा नाही, प्रथिनं जवळजवळ नाहीत. हरतालिकेला तर अनेकजणी पाणीही घेत नाहीत, आणि गोळीही 'मोडते' म्हणून चुकवतात. लेव्होडोपा अचानक थांबवणं धोक्याचं आहे, अंग इतकं ताठरू शकतं की दवाखान्यात हलवावं लागतं. औषधानं उपास मोडत नाही, असं गावातल्या एखाद्या मान्यता असलेल्या म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, तर ते आपल्या दहा पत्रकांपेक्षा लवकर पोचतं. राजगिरा, शेंगदाणे, रताळं, ताक हे उपासाला चालतंच. ते पुरेसं खायला सांगावं. मात्र ताक आणि शेंगदाणे गोळीपासून लांब.

खाजकुइलीच्या बियांच्या चूर्णाबद्दल हल्ली फार विचारणा होते. त्या बियांमध्ये लेव्होडोपा खरोखरच असते, आणि आयुर्वेदात त्यांचा वापर जुना आहे. म्हणूनच ते चूर्ण निरुपद्रवी नाही. चमच्यात औषध किती आलं हे कळत नाही. वर गोळ्याही चालू असल्या तर मात्रा जास्त होते. 'झाडपाला आहे, अपाय काय होणार' म्हणून डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. त्या चूर्णाचे पैसे बहुधा घरातल्या दुधाच्या पैशांतून जातात, हेही मी पाहिलं आहे.

गिळण्याच्या त्रासाकडे मात्र वेळ न घालवता लक्ष द्यायला हवं. जेवताना ठसका लागणं, आवाज ओलसर येणं, जेवणाला तास-तास लागणं ही खूण आहे. अन्न श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो, आणि या आजारातल्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज, आंबील, मऊ खिचडी गिळायला सोपी जाते. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान घास घ्यावा. पडल्या पडल्या भरवू नये. गिळण्याची तपासणी करणारे वाचा-उपचारतज्ज्ञ मोठ्या दवाखान्यांत असतात, त्यांच्याकडे पाठवायला सांगावं. पण बाईला ठसका लागला की ती काय करते? ताट घेऊन आत जाते. हात कापतो, आमटी सांडते, लोक बघतात, म्हणून आधी लग्नकार्यं सुटतात, मग हळदीकुंकू, मग घरच्यांबरोबर पंगतीला बसणं. शेवटी ती ओट्याकडे तोंड करून एकटी जेवते, आणि तिथे तिला ठसका लागला तर ऐकायलाही कुणी नसतं. जड बुडाची वाटी, कडा उंच असलेली थाळी, जाड दांड्याचा चमचा एवढ्यानं पुष्कळ सांडणं वाचतं. पण तिनं सगळ्यांबरोबर बसावं आणि सांडलं तर सांडू द्यावं, हे घरानं ठरवावं लागतं.

इथे सुनेबद्दल बोलायला हवं, कारण आपल्या बैठकांमध्येही सगळा दोष तिच्यावर येऊन थांबतो. 'सून वेळेवर देत नाही.' सून पहाटे पाचला उठलेली असते, कामावर जाऊन आलेली असते, तिच्याही अंगात रक्त नसतं. सासूच्या ताटाची जबाबदारी मुलाची का नाही, हे कुणी विचारत नाही. दोन बायकांना एकाच चुलीवर भांडायला लावून घरातले पुरुष बाहेर पेपर वाचत बसतात. आमच्या भागातले एक निवृत्त एसटी चालक बायकोच्या आजारपणात स्वयंपाक शिकले. मुगाची खिचडी, पिठलं, पालेभाजी, मऊ भाकरी सोडून बाकी सगळं. तीन आठवडे लागले. तीस वर्षं वेळापत्रकावर गाडी चालवलेल्या माणसाला गोळ्यांच्या वेळा सांभाळणं सोपं गेलं, असं तेच हसत सांगतात. लोक त्यांचं फार कौतुक करतात. त्याच गल्लीत नवऱ्याला सात वर्षं भरवणारी बाई आहे, तिचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही.

सरकारकडे मागण्याजोगं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, हे बहुतेक घरांना ठाऊकच नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढता येतं. चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर योजनांसाठी अर्ज करता येतो. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. तो सरकारच्या ऐपतीच्या मर्यादेत असं म्हटलेलं आहे, म्हणजे आपण मागितल्याशिवाय येणार नाही. अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, पण डाळीचा दिला नाही. रेशनवर डाळ ही आपली मागणी जुनी आहे, तिच्यात आता आजारी म्हाताऱ्या बाईचं ताटही घालू या.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी आहे. रुग्णांना एकत्र आणण्याचं चांगलं काम तिथे चालतं. तालुक्याच्या गावी मात्र काहीच नाही, आणि तिथे महिला मंडळं आहेत, बचत गट आहेत, आपण आहोत. पुढच्या बैठकीत एवढंच करून बघा : आपल्या गल्लीत हात कापणाऱ्या, पाय घासत चालणाऱ्या, हळू झालेल्या किती बायका आहेत ते मोजा. प्रत्येकीच्या घरी जा आणि गोळी कधी, जेवण कधी, शेवटचं कोण जेवतं, हे तीन प्रश्न मुलाला किंवा सुनेला न विचारता तिलाच विचारा. तिचा आवाज बारीक असेल, उत्तराला वेळ लागेल. जवळ बसा, मध्ये बोलू नका, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. त्याआधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे कागद घेऊन जाता येईल.